जाऊबाई पुन्हा बाजूला बसल्या

ऑपरेशन करून घरी आले तेव्हा आमच्या गल्लीतली निम्मी दारं कुलपात होती. दिवाळी झाली की इथली माणसं ऊसतोडीला निघून जातात. मागे उरतात म्हातारे, कुत्री आणि आमच्यासारखी दुसऱ्या कामावर जगणारी दोन-चार घरं. नवरा मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाड्यांच्या सामानाच्या दुकानात असतो. मी घरीच ब्लाऊज शिवते. पलीकडच्या खोलीत माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. दीर वारल्यापासून त्या एकट्याच आहेत, लेक नांदायला गेली. चूल मात्र आमची एकच.

माझ्या दोन्ही बीजकोशांवर गाठी झाल्या होत्या आणि गर्भपिशवीही चांगली राहिली नव्हती. अंबाजोगाईच्या डॉक्टर मॅडमनी सगळंच काढलं. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, दोन्ही पोरं शिकायला बाहेर. सगळ्या म्हणाल्या, "बरं झालं, कटकट गेली." मलाही तसंच वाटलं.

टाके वाळले आणि ते सुरू झालं. आधी छातीतून वाफ उठायची, मानेवरून तोंडापर्यंत चढायची, कपडे भिजायचे आणि मग हुडहुडी भरायची. ते मी सोसलं असतं, पण मुंग्या सोसवेनात. मशीनवर बसले की दंडावरून एक मुंगी चालत वर यायची. बाही वर करून बघावं तर काही नाही. मग कळायचं की ती कातडीवरून नाही, कातडीच्या आतून चालतीय. दुपारी गल्लीत इतकी शांतता असते की बंद घरातलं एखादं भांडं कलंडलं तरी ऐकू येतं. त्या शांततेत मला वाटायचं, मागं कुणीतरी उभं राहून माझं शिवण बघतंय. मी पाय थांबवायचे. मशीन थांबायची. मागे वळले की फक्त भिंतीवर टांगलेले ब्लाऊज दिसायचे, आणि त्यातला एखादा हलकेच हलत असायचा.

जाऊबाईंनी माझ्या दंडावरचे ओरखडे पाहिले.

"खाजवून खाजवून रक्त काढलंस की गं. काय होतंय?"

"बाई, अंगात मुंग्या चालतात."

त्या उठल्या. मग मीठ, मोहरी आणि वाळक्या लाल मिरच्या माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या की घरभर ठसका उठतो, शेजारीही खोकतात. त्या दिवशी मिरच्या काळ्या झाल्या, राख झाली, पण आमच्यातलं कुणीच खोकलं नाही.

"लई जडाचं हाय," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "ह्ये डाक्टरचं काम न्हाई."

नवऱ्यानं मात्र ऐकलं नाही. पुढच्याच सुट्टीला तो मला अंबाजोगाईला घेऊन गेला.

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. मुंग्यांचं सांगताना मला लाज वाटत होती, पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बीजकोश काढले की शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम थांबतं. वय झाल्यावर पाळी जाते ती हळूहळू जाते. तुमची एका दुपारीत गेली. गरम वाफा, झोप उडणं, अंगात मुंग्या, भीती, हे सगळं त्यातूनच होऊ शकतं."

गोळी लिहून देण्याआधी त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की मी गोंधळून गेले. आईला, बहिणीला छातीचा कॅन्सर होता का? पायात, फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली होती का? लकवा, हृदयाचा त्रास, कावीळ? अर्धं डोकं दुखताना डोळ्यांपुढं चमकतं का? तंबाखू, मिश्री? बीपी दोनदा मोजलं, छाती तपासली.

"ही गोळी तुम्हाला एकटी चालते, कारण तुमची पिशवी काढलीय," त्या म्हणाल्या. "जिची पिशवी जागेवर आहे तिला ही एकटी द्यायची नसते. पिशवीच्या आतलं अस्तर वाढत राहतं, पुढं त्याचा कॅन्सरही होऊ शकतो. तिला जोडीला दुसरी गोळी लागते. म्हणून ही कुणाला देऊ नका."

सुरुवातीला मळमळेल, छाती जड होऊन दुखेल, डोकं धरेल, पोट फुगेल, हेही सांगितलं. जेवण झाल्यावर घ्यायची. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या डोळ्यांत बघून बोलल्या, "एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर चोळत बसायचं नाही. छातीत कळ आली, दम लागला, जीभ अडखळली, एका डोळ्यानं दिसेनासं झालं, तर माझ्या तारखेची वाट बघायची नाही. मिळेल त्या गाडीनं जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं."

नवऱ्यानं ते सगळं ऐकलं आणि घरी येऊन जाऊबाईंनाही सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या.

पहिले काही दिवस मळमळ झाली, ब्लाऊजचं बटण लावताना छाती ठणकायची. मग एके दिवशी मशीनवर बसले असताना लक्षात आलं की आज मुंगी आलीच नाही. पाठीमागचं कुणीतरीही गेलं होतं. मला झोप लागायला लागली. माझा चेहरा भरला, ओठांच्या भेगा गेल्या. बाजारात बायका विचारायच्या, "काय लावतीस गं तोंडाला?" आणि ज्या ज्या वेळी कुणी असं विचारायचं, त्या वेळी जाऊबाई माझ्याकडं बघत असायच्या.

मकरसंक्रांतीच्या सुमाराला जाऊबाई बदलायला लागल्या.

मी त्यांचे ब्लाऊज कित्येक वर्षं शिवते. माप घ्यावं लागत नाही, ते हातात बसलंय. त्या म्हणाल्या, "काखंत लई काचतंय, जरा ढिलं कर." मी टेप लावला. त्यांची छाती भरली होती. कंबर तीच, दंड तेच, तोंडावरच्या सुरकुत्याही त्याच. टेप आवळला तशा त्या "आई गं" म्हणून कळवळल्या आणि मग हसल्या. ते हसू मी त्यांच्या तोंडावर पूर्वी पाहिलं होतं. मी या घरात नवी नवरी म्हणून आले तेव्हा त्या तशा हसायच्या, पदर दातात धरून. दीर गेल्यापासून ते हसू दिसलं नव्हतं.

त्यानंतर मी त्यांच्याकडं बघायला लागले. त्या केसांना तेल लावून उन्हात बसायच्या. गल्लीत कुणी नसताना गुणगुणायच्या. एका दुपारी मी त्यांना चहाला बोलवायला गेले, तर दार ओढलेलं आणि आतून बोलण्याचा आवाज. त्यांचाच आवाज, पण बारीक, लाडिक. "न्हाई जा," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबल्या, कुणीतरी उत्तर द्यावं एवढ्या वेळ. मग पुन्हा हसल्या. मी दार ढकललं. त्या एकट्याच खाटेवर बसल्या होत्या. माझ्याकडं बघितलं ते असं, की मी परक्याच्या घरात शिरलेय.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "एकटेपण आहे. बोलत असतील स्वतःशी." पण त्या दिवसापासून तोही त्यांच्या खोलीकडं जाताना आधी खाकरायचा.

मग ती सकाळ. मी उठून चूल पेटवायला गेले तर चूल थंड होती. रोज जाऊबाई आधी उठतात. मी मागच्या दारी गेले. तिथं न्हाणीच्या भिंतीला लागून एक मोकळा कोपरा आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा पाळीच्या दिवसांत आम्ही दोघी तिथं बाजूला बसायचो, घोंगडीवर, ताट वेगळं, तांब्या वेगळा. सासूबाई गेल्यावर आम्ही ते सोडून दिलं होतं. त्या कोपऱ्यात जाऊबाई बसल्या होत्या. घोंगडी अंथरलेली, शेजारी तांब्या, गुडघे पोटाशी घेतलेले.

"बाई, तुमी इथं कावून बसलात?"

त्यांनी हात वर केला. "शिवू नगंस. मला आलीय."

त्यांची पाळी जाऊन किती वर्षं झाली होती. त्यांच्या लेकीला आता पोरं झाली आहेत. आणि त्या नवीन सुनेसारख्या खाली मान घालून, पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरत बसल्या होत्या. समोरच्या कुलूपबंद घराच्या पायरीवर एक कुत्रं बसून आमच्याकडं एकटक बघत होतं.

"कधीपासनं?"

"मागल्या हप्त्यात डाग दिसला. आता लई जातंय." मग त्या एकदम वर बघून म्हणाल्या, "ते परत येणार हायेत म्हणून आली आसंल का गं?"

ते म्हणजे दीर. ऊन वर आलं होतं तरी मला त्या कोपऱ्यात थंडी वाजली.

मी त्यांना उठवायला हात पुढं केला, त्या मागं सरकल्या. सरकताना डावा पाय ओढला गेला. तेवढ्यात मला दिसलं की त्यांची एकच चप्पल पायात आहे. डाव्या पायाची बाजूला पडली होती. लुगडं थोडं वर होतं, आणि डावी पोटरी उजवीपेक्षा जाड, तकतकीत, लालसर. तेलानं चकाकत होती.

"पाय कधी सुजला? चोळलात का?"

"कालपासनं ठणकतोय. जरा तेल लावून चोळला."

मला मॅडमचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. मी विटाळ बाजूला ठेवला, त्यांच्यापुढं मांडी घातली आणि दोन्ही हात धरले. "बाई, खरं सांगा. माझी गोळी घेतलीत?"

त्या रडायला लागल्या. माझी नव्हती घेतली. माझ्या गोळ्यांचं संपलेलं पाकीट त्यांनी उकिरड्यावरून उचललं होतं, फाट्यावरच्या एका मेडिकलवाल्याला दाखवलं होतं, आणि त्यानं न विचारता तेच काढून दिलं होतं. तेव्हापासून रोज एक. बीपी आहे का, मिश्री लावता का, पिशवी जागेवर आहे का, हे कुणी विचारलं नाही.

"तुझ्या मुंग्या गेल्या ना," त्या हुंदके देत म्हणाल्या. "माझ्याबी अंगात चालायच्या. तुझे दीर गेले तवापासनं. तवा मी कुणाला सांगितलं? म्हनलं, लोक म्हनतील मेलेल्याचं वारं लागलंय हिला."

मला कुठंतरी लागलं ते. पण बसून ऐकायला वेळ नव्हता. नवऱ्याला फोन केला. दुकानासमोर थांबलेली एक जीप घेऊनच तो आला. पाय चोळू दिला नाही, चालू दिलं नाही. दोघांनी उचलून त्यांना मागच्या सीटवर निजवलं. गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि मधेच म्हणाल्या, "हळू चालवा, ते मागनं चालत येतायत." ड्रायव्हरनं आरशात बघितलं. बीड येईपर्यंत मी मागं वळून बघितलं नाही.

बीडच्या दवाखान्यात पायाची सोनोग्राफी झाली. मांडीपर्यंत रक्ताची गाठ गेली होती. डॉक्टर म्हणाले, ही सुटून फुप्फुसात गेली असती तर इथवर आणता आलं नसतं. पोटात सुया सुरू झाल्या, मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. अंगावरून जात असताना रक्त पातळ करायचं म्हणजे डॉक्टरांनाही दोन्हीकडून सांभाळावं लागलं. इस्ट्रोजेन त्याच दिवशी बंद झालं. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. तो अहवाल येईपर्यंत मी वॉर्डात त्यांच्या उशाशी बसून होते. अस्तर जाड झालं होतं, पण त्यात कॅन्सर नव्हता.

गोळी सुटल्यावर रक्त थांबलं. छातीचं ठणकणं गेलं. आणि एका दुपारी मी संत्रं सोलत असताना जाऊबाई माझ्याकडं बघून अगदी त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुला साली नीट काढाया येत न्हाईत." मला इतकं बरं वाटलं की मी हसत सुटले.

धीर करून विचारलं, "बाई, खोलीत तुमी कुणाशी बोलायचात?"

"मला आठवतच न्हाई बोलल्याचं," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनाही मी ते सांगितलं. ते म्हणाले, गोळीनं असं होत नाही, झोप नसेल, दुःख असेल, बघू.

पुढच्या तारखेला मी अंबाजोगाईला गेले तेव्हा मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी माझी गोळी बदलून कातडीला लावायचं जेल दिलं, त्यात रक्ताच्या गाठीची भीती कमी असते म्हणाल्या. दरवर्षी छाती तपासायची, बीपी बघायचं, आणि दर वेळी विचारायचं की अजून गरज आहे का. जाऊबाईंनाही बरोबर नेलं होतं. त्यांच्यासाठी इस्ट्रोजेन कायमचं बंद, पण त्यांच्या वाफांसाठी, झोपेसाठी दुसरं औषध दिलं, आणि मिश्री सोडायला सांगितली. मॅडमनी त्यांना विचारलं, "इतकी वर्षं कुणाला का नाही सांगितलं?" जाऊबाई म्हणाल्या, "कुनी इचारलंच न्हाई."

आता त्यांना डाव्या पायात मांडीपर्यंत घट्ट मोजा घालावा लागतो. उन्हाळ्यात तो काढून त्या पाय पाण्यात सोडून बसतात. गुढीपाडव्याला गल्ली पुन्हा भरली, दारं उघडली. पहिल्याच दिवशी समोरच्या घरातली तिशीची पोर, पिशवी काढून आलेली, आमच्या दारात उभी राहिली आणि दंड खाजवत म्हणाली, "काकू, एक विचारू?" मी तिला आत बोलावलं. आत बसलेल्या जाऊबाईंनी खाटेवर आपल्या शेजारी तिला जागा करून दिली आणि म्हणाल्या, "आधी सांग, बीजकोश ठेवलेत का काढलेत?"