संपफोड्याची बिअर

रेमंड टुलीला दारूचं वेड होतं म्हणून तो घरी बिअर करायचा, असं कुणी सांगितलं तर खुशाल खोटं समजावं. गावच्या क्लबात त्याला बंदी होती, म्हणून करायचा. वेदरक्लफमध्ये क्लब एकच, आणि तिथे ज्याला बसता येत नाही तो माणूस असून नसल्यासारखा.

कोळशाच्या खाणींचा तो वर्षभराचा संप चालला होता, तेव्हा रेमंड शेवटच्या महिन्यात कामावर गेला. खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या बसमधून, पोलिसांच्या गराड्यात. महिन्याभरानं संप मोडला आणि सगळेच बँडच्या मागे चालत कामावर परतले. पण आधी गेला तो संपफोड्या, आणि आमच्याकडे हा शिक्का पुसायची सोय नाही. पुढे खाण बुजवली, तिच्यावर गवत उगवलं, मेंढ्या चरू लागल्या. खाण गेली, राग तेवढा जागच्या जागी राहिला. रेमंडचा सख्खा भाऊ गॉर्डन पलीकडच्याच गल्लीत राहायचा. सत्तावीस वर्षांत तो रेमंडशी एक शब्द बोलला नव्हता.

रेमंडच्या बायकोची, ब्रेंडाची गोष्ट निराळी. संपाच्या वर्षी तिनं चॅपलमागच्या खोलीत अख्ख्या गावाला जेवू घातलं होतं. नवरा बसमध्ये चढला त्या दिवशीही ती सूपच्या पातेल्यापाशी उभी होती. तिनं मान वर केली नाही. बायका म्हणायच्या, बाई सोन्यासारखी, पदरात दगड पडला.

त्या ब्रेंडाला पोटात गाठ झाली. इस्पितळवाल्यांनी घरी पाठवलं, म्हणजे काय ते दोघांनाही कळलं.

"एक बादली लाव," ती एके सकाळी म्हणाली.

"बिअरची? तू कुठे पितेस?"

"माझ्यासाठी नाही रे. मागाहून लोक येतील, त्यांच्यासाठी."

"मयतानंतरचा चहा क्लबात असतो. सगळ्यांचाच असतो."

"माझा इथे असेल. शेजारच्या डोरीनला सांगून ठेवलंय मी. मला निरोप द्यायचाय ना, तर तुझ्या दारातून आत या म्हणावं. आणि गॉर्डननं तुझ्या हातचा एक ग्लास घ्यायचा."

"गॉर्डन? तो माझ्या हातचं पाणी प्यायचा नाही."

"मग त्याला बोलाव. मी सांगते, तुला कामावर कुणी धाडलं ते."

रेमंड खिडकीशी गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला. संपाच्या त्या फेब्रुवारीत घरात कोळशाची पूड उरली नव्हती. तान्ह्या पोरीच्या छातीत घरघर चालली होती. तसं म्हटलं तर पोरं सगळ्यांचीच आजारी होती. पण एका पहाटे तो खाली आला, तर ब्रेंडानं त्याचा डबा भरून टेबलावर ठेवलेला. "जा," एवढंच म्हणाली होती. पोरगी वाचली, शाळेतल्या टोमण्यांना विटून पुढे पार कॅनडात गेली.

"एक अक्षर बोलायचं नाहीस," तो म्हणाला. "लोक तुला शेवटचं भेटायला येणार. चांगल्या मनानं येऊ देत."

"आणि तू जन्मभर माझं ओझं वाहायचंस?"

"मला सवय झालीय गं. तू आता कुठे सवय लावून घेतेस?"

त्यानं त्याच दिवशी घरी बिअर करायच्या किटचा डबा आणला. माल्टचा काळा पाक कढत पाण्यात ढवळला, साखर घातली, गार पाणी ओतलं, वर यीस्ट भुरभुरवलं. बादलीत फेस चढला आणि उतरला. फसफस थांबल्यावर बाटल्या धुऊन त्यानं प्रत्येकीत अर्धा चमचा साखर टाकली, बिअर भरली, झाकणं ठोकली. आता मुरवायचं. पहिले काही दिवस बाटल्या उबेत लागतात, तेव्हा कुठे त्यात जीव येतो. मग गारव्यात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. लोणचं कच्चं निघालं तर पान वाया जातं. इथे तर ब्रेंडाची शेवटची इच्छा होती. घरातली सगळ्यात उबदार खोली आजारणीची, म्हणून बाटल्या तिच्याच पलंगाखाली लागल्या.

"झाली का रे?" ती विचारायची.

"मुरतेय अजून."

"मी पण," ती म्हणायची. तिला थट्टा सुचायची, तो वाकून बाटल्या सारख्या करत राहायचा.

एका दुपारी ती गेली. तिला न्यायला आलेली गाडी वळणावर दिसेनाशी झाली, आणि रेमंडनं पलंगाखालच्या बाटल्या काढून अंगणातल्या कोळशाच्या खोलीत नेल्या. बायको जाऊन तास झाला नाही आणि मी बाटल्या उचलतोय, याची त्याला शरम वाटली. पण गारवा लागायची वेळ झाली होती.

अंत्यविधीला चॅपल भरून गेलं होतं. तिथून लोक खरंच त्याच्या घरी आले. डोरीननं हॅमची सँडविचं मांडली, किटलीमागून किटली चहा केला. कपाटावर बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाठ करून लोक चहा पीत होते. रेमंड कोपऱ्यात उभा. त्याला चांगलं म्हणत नव्हतं कुणी, वाईटही म्हणत नव्हतं.

सगळ्यात शेवटी गॉर्डन आला. कोट काढला नाही. रेमंडनं एक बाटली उघडली आणि गाळ हलू न देता एका धारेत ओतली. बिअर काचेसारखी नितळ होती. इतकी चांगली त्याला कधीच साधली नव्हती. त्यानं ग्लास पुढे केला.

"ब्रेंडाची इच्छा होती," तो म्हणाला.

गॉर्डननं ग्लास हातात घेतला. खोलीतले सगळे त्या दोघांकडे वळले. डोरीन चहाची किटली धरून तशीच उभी राहिली.

"घेतो," गॉर्डन म्हणाला. "तिच्यासाठी घेतो. पण आधी एक सांग, रे. कुणी भरीला घातलं होतं का तुला? कोणी असेल तर आज सांग. मी म्हातारा झालोय, मलाही हे आता झेपत नाही."

रेमंडचे ओठ हलले. एक नाव, आणि भाऊ परत मिळत होता.

"कुणी नाही," तो म्हणाला. "ब्रेंडानं तर दार अडवून धरलं होतं. रडली. तिला ढकलून गेलो मी."

गॉर्डननं भरला ग्लास टेबलावर ठेवला. "तिला ढकलून," तो म्हणाला, टोपी उचलली आणि गेला. मग एकेक करत बाकीचेही उठले. डोरीन दाराशी म्हणाली, "बिचारीनं काय काय सोसलं."

"हो," रेमंड म्हणाला, आणि दार लावून घेऊन मोठ्यानं रडला.