काळ्या काचांची गाडी

माझा चुलतभाऊ साखर कारखान्याचा संचालक झाला आणि त्यानं नवी गाडी घेतली. त्याची काळ्या काचांची जुनी गाडी मी घेतली, कारण ती स्वस्तात मिळत होती. तिचा रेडिएटर गळायचा. मेकॅनिकचा खर्च नको म्हणून मी त्यात घरची हळद टाकून गळती थांबवायचो. दुष्काळात गाडी धुणार कशानं? कोरड्या फडक्यानंच पुसायचो.

एकदा गावच्या पारापुढं थांबलो. बसलेले सगळे टोप्या सावरत उठले. "रामराम मालक!" मी हरखून काच खाली केली.

एका म्हाताऱ्यानं आत डोकावून पाहिलं. "बसा बे, मालक न्हाईत. त्यांचा भाऊ हाय." सगळे परत बसले.

माझा नुसता जळफळाट झाला. एकाच आज्याचे नातू आम्ही. गाडी माझी, हळद माझ्या घरची, आणि रामराम त्याला?

त्यानंतर भर उन्हाळ्यात, एसी बंद पडलेल्या त्या गाडीत, पार जवळ आला की मी काच वर करायचो. आत कोण हे दिसायचं नाही, न जाणो मालकच असले तर म्हणून लोक उठायचे. आत घामानं निथळत मी, रामराम घेताना तो करायचा तशीच, दोन बोटं वर करायचो.