चाळणीची घासाघीस

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास खालून गलका ऐकू आला. आम्ही उस्मानपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीतून वाकून पाहिलं, तर गेटपाशी दहा-बारा माणसं आणि मधोमध लताबाई...

लताबाई म्हणजे आमची भांडेवाली. जुने कपडे घेते, त्यावर स्टीलची भांडी देते. बारा वर्षं येतेय. लग्नातला शालू सोडला, तर माझ्या बाकी साड्यांचे तिने डबेच केलेत.

"गाठोडं खोल! पोरगं आहे का बघा आत!" कुणीतरी ओरडत होतं. एकाने तिचा दंड धरलेला, दोघांचं मोबाईलवर शूटिंग चाललेलं. ती गाठोड्यावर दोन्ही हात ठेवून नुसती बसली होती...

दोनच दिवसांपूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता. 'गाठोडं घेऊन फिरणाऱ्या बायका मुलं पळवतात, सावध राहा.'

आला होता कसला... मीच टाकला होता. माहेरच्या ग्रुपवरून उचलला आणि खाली 'काळजी घ्या' असं लिहिलं. टाकताना लताबाई मनातही आली नाही. माझ्यासाठी ती 'गाठोडंवाली बाई' नव्हतीच ना... ती लताबाई होती.

मी धावत जिना उतरले. पण आई, म्हणजे माझ्या सासूबाई, लिफ्टने माझ्याआधीच पोचलेल्या. काखेत एक जुनी नायलॉनची साडी. गुडघे दुखतात म्हणून एरवी पाटावरही न बसणारी ही बाई, गर्दीत शिरून लताबाईसमोर चक्क फतकल मारून बसली.

"व्हय गं लते, मागच्या खेपेचं पातेलं गळतंय की! दोन साड्या घेऊन फसवलंस मला."

लताबाईचा दंड अजून त्या माणसाच्या हातात होता. तरी सवयीनेच तिच्या तोंडून निघालं, "गळत नाय, माय... तुम्हीच आपटलं असंल."

"मी आपटलं? बरं, आता ह्या साडीवर चाळणी दे. अन् डबा बी."

"एका साडीवर? नाय परवडत!"

दंड धरणारा गोंधळला. "आजी, ओळखता का हिला?"

"ओळखते का म्हणं! बारा वर्षं लुटतीय मला. तू सोड तिला आधी, भाव करू दे."

कुणीतरी हसलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मुलाचे तोकडे झालेले शर्ट घेऊन आल्या. ते ठेवायला लताबाईने स्वतःच गाठोडं सोडलं... आत आमच्याच गल्लीतल्या जुन्या साड्या. चाळणीवरून एवढी घासाघीस चाललेली असताना मारणार तरी कसं? हात सुटला, मोबाईल खिशात गेले.

वर आणून तिला चहा दिला. मी सांगून टाकलं, "लताबाई, तो व्हिडिओ मीच टाकला होता ग्रुपवर."

तिने कप खाली ठेवला. "ताई, मला बी आलता त्यो. मी लेकीला पाठवला... म्हणलं, नातवाला जप."

मी फोन उघडून ग्रुपवर लिहिलं, 'खात्री न करता मी व्हिडिओ टाकला, चूक माझी.' दोन अंगठे आले, बाकी सगळे गप्प. असू दे.

ती निघाली तेव्हा भांड्यांची पाटी घेऊन मीही सोबत गेले. पुढच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. गाठोडं सावरत राहिली, पण रोजची आरोळी काही देईना... मग भर रस्त्यात, शेहेचाळीस वर्षांची मी ओरडले, "जुन्या कपड्यांवर भांडीऽऽ!"

"ताई, असं वरडलं तर गिऱ्हाईक पळंल," ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. मग तिने स्वतः आरोळी दिली. बारीकच, पण दिली.

वरच्या कुठल्याशा खिडकीतून आवाज आला, "थांब गं, आले!" ती बाई कोण, मला अजून माहीत नाही... पण तिचे आभार मानायचेत, म्हणून हे लिहिलं.