गोबरगॅसचं विरजण

"साहेब, तुमचा गॅस मेला. आता संडास बुजवतो आन् पुन्हा चूल पेटवतो." बबननं मला दारातच गाठलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बायोगॅस सुपरवायझर होतो. शेवगाव तालुक्यात मोटरसायकलवर फिरायचं, खड्डे आखून द्यायचे, गवंड्याशी वाद घालायचा आणि घरोघरी चहा पिऊन पित्त वाढवून घ्यायचं, ही नोकरी. गोबरगॅस म्हणजे जमिनीखाली विटांचा घुमट. त्यात शेण-पाणी कालवून सोडायचं. ते आत कुजतं, गॅस शेगडीला येतो आणि उरलेला काला, म्हणजे स्लरी, खत म्हणून रानात जातो. बबनच्या प्लँटला संडासही जोडला होता आणि त्यानंच गॅस बिघडला, असं त्याला वाटत होतं.

संडासाचा हट्ट त्याच्या बायकोचा, मंदाचा. तिला सातवा महिना होता. संडास होण्याआधी बिचारी अंधार पडायची वाट बघत दिवस काढायची. आता संडास बुजणार म्हटल्यावर ती उंबऱ्यात उभी राहून नुसती माझ्याकडे बघत होती. मी लगेच कामाला लागलो.

पाइप तपासला, व्हॉल्व्ह तपासला. सगळं ठीक. शेणही रोज पडत होतं. शेगडीला काडी लावली तर फुस्स झालं आणि विझलं. मग संडासाचं दार उघडलं. फिनेलचा असा भपकारा आला की मी दोन पावलं मागंच सरलो.

"इथं फिनेल कोण टाकतं?"

"म्या," बबनची आई, गयाबाई, ठणकावून म्हणाल्या. "रोज टाकते. त्याच गॅसवर देवाचा निवद व्हतो, साहेब. सोवळं नको पाळायला?"

कप्पाळ माझं! आता यांना जिवाणू कसे समजवायचे?

"मावशी, दुधाचं दही कशानं होतं?"

"इरजनानं."

"त्या विरजणात फिनेल ओतलं तर?"

"अगं बाई! मरंल की ते."

"घुमटातही तसंच जिवंत विरजण असतं. ते आपली घाण खातं, आपल्याला गॅस देतं आणि मातीला खत देतं."

गयाबाई मटकन खाली बसल्या. "म्हंजी मी मारलं व्हय त्यांला? मुक्या जिवांला?" त्यांनी डोळ्याला पदर लावला. रोज मुंग्यांना साखर घालणारी बाई ती. मला फार वाईट वाटलं.

"अहो, परत जगवू की! फिनेल बंद करायचं. आतला काला बराचसा उपसून खड्ड्यात टाकायचा आणि चालू प्लँटची ताजी स्लरी आत सोडायची. गावात कुणाचा प्लँट चालू आहे?"

बबननं आईकडे पाहिलं. शेवटी मंदा हळूच म्हणाली, "सॅम्युएल मास्तरांचा."

मास्तर ख्रिस्ती. गयाबाई त्यांच्या घरचं पाणी पीत नसत, हे गावाला ठाऊक होतं. आणि आता तर त्यांच्या संडासाचा काला आणायचा होता!

"मी आनतो गाडीत पिपं टाकून," बबन म्हणाला.

"तू गप. इरजन बाईमानसानं मागायचं आसतं." गयाबाईंनी पदर खोचला आणि निघाल्या.

मास्तरांच्या दारात त्या क्षणभर घुटमळल्या. मग मास्तरीणबाईंना म्हणाल्या, "बाई, आमचं इरजन मेलं. तुमच्यातलं द्या."

"न्या की, मावशी. पण आधी चहा घ्या."

मी त्यांच्या मागंच उभा होतो. गयाबाईंनी कप घेतला. बशीत चहा ओतून सावकाश प्याल्या आणि म्हणाल्या, "आलं लई झ्याक लागतंय."

बबनचा प्लँट नीट चालायला बरेच आठवडे लागले, पण चालला. संडासही राहिला. मंदाला मुलगी झाली, तेव्हा बाळाच्या अंघोळीचं पाणी त्याच गॅसवर तापलं. तापवणाऱ्या मास्तरीणबाई होत्या.

तेव्हापासून नवा प्लँट सुरू करताना मी छापील सूचना घरमालकाला द्यायचो, पण समजावून सांगायचो घरातल्या म्हातारीला. सूचना कुणी वाचल्याचं माझ्या बघण्यात नाही.