पाटावरची सीडी

झेंडूचा वास आला की नौबाद गावातल्या आमच्या घरातली ती खंडेनवमी आठवते. दुकानदारांना वेबसाइट करून विकायच्या म्हणून मी मोटरसायकल विकून त्या बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. एरवी मोटरसायकलला हार घालणाऱ्या माझ्या वडिलांनी, अप्पांनी, त्या सकाळी पाटावर विळा, कुऱ्हाड आणि माझी त्या सॉफ्टवेअरची सीडी मांडली. कुंकू लावता लावता ते म्हणाले, “वर्षानं परत पैसे भरायचे म्हणायलास. न्हाई भरले तर?” “बंद पडतंय, अप्पा.” त्यांचं कुंकवाचं बोट सीडीवर तसंच थांबलं. “मग हे आपलं हत्यार कसं रं?” मी कापूर पेटवला. आता तर सीडीही नसते. दर महिन्याला खात्यातून सॉफ्टवेअरचं भाडं कटतं, आणि खंडेनवमीला पाटावर ठेवायला माझ्याकडं काहीच नसतं.