गाठ बाहेरून थंड होती

अमेरिकेत लढाई चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, त्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. वाटेत लूट होऊ लागली म्हणून अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांबरोबर आमच्या पलटणीचा गार्ड जात असे. मी तेव्हा नाईक होतो. घरात पहिला शिकलेला मीच, म्हणून रिपोर्ट लिहिण्याचे काम माझ्याकडे होते.

गार्डचे कमांडर हवालदार गणपत, नांदगावकडचे. निघण्याआधी ते आम्हाला फॉल-इन करून एकच प्रश्न विचारत.

"माल अकोल्याले कसा पोचनार नाई, ते सांगा."

कोणी म्हणे दरोडा, कोणी म्हणे गाडीचा आस मोडेल, कोणी चिलमीची ठिणगी. प्रत्येक उत्तरावर, तसे घडू नये म्हणून, ते एक हुकूम देत. विचार करण्याची ही उलटी रीत मला कोणत्याही शाळेत शिकवली नव्हती. त्यांचा मी ऋणी आहे.

त्या दिवशी सकाळी महादू गाडीवानाच्या गाडीतल्या कापसाच्या एका गाठीवर ठिणगी पडली. पाणी ओतले, धूर थांबला. हवालदारांनी तरीही हॉल्ट दिला.

महादू म्हणाला, "इझली ना जी. हात लावून पाहा, थंडगार हाय."

"बाहेरून थंड हाय. आतून कोनं पाह्यलं?"

"मंग काय गाठ फोडू? शेठ मले सोलून काढन."

"नको फोडू. सर्व्यात मांग राय. मी येतो तुयासंग."

ठासून भरलेल्या गाठीत आग धुमसत राहते, हे त्यांना माहीत होते. महादूची गाडी बरीच मागे ठेवून आम्ही निघालो. दुपारी वारा सुटला आणि त्या गाठीने पेट घेतला. बैल उधळले. ते पुढच्या बैलांच्या मागावर, थेट आमच्या रांगेकडे धावत आले. आग कुठे जाईल याचा विचार झाला होता. बैल कुठे जातील याचा नाही.

हवालदारांनी धावत जाऊन वेसण धरली आणि जोडी नाल्याकडे वळवली. गाडी उलटली. महादू बाजूला फेकला गेला. हवालदार गाडीखाली सापडले. आम्ही त्यांना बाहेर काढले तेव्हा जीव गेलेला होता. बाकी सगळा माल अकोल्याला पोचला. रिपोर्टात मी तेवढेच लिहिले.

पुढे नोकरी सोडून मी एका अडत दुकानात लागलो. भाव चढतच होते. मी दुकानाच्या शेठना विचारले, लढाई मिटली तर काय? आणि त्यानंतर, सगळेच एकदम विकायला धावले तर? शेठ म्हणाले, अपशकुनी बोलू नका. पण निम्मा माल त्यांनी विकून टाकला. लढाई मिटली, भाव कोसळले. पेठेतली कितीतरी दुकाने बसली, आमचे तरले. व्यापारी मंडळी मला याचे श्रेय देतात. ते हवालदारांचे आहे.

हवालदारांच्या मागे घरचे कोणी नव्हते. ते गेले त्या वेळी, अग्नी कोणी द्यायचा, असे पलटणीच्या सुभेदारसाहेबांनी विचारले तेव्हा महादू पुढे झाला. नात्याचा नव्हता, जातीचाही नव्हता. त्याने डोके भादरले, अग्नी दिला, सुतकही पाळले. पुढे दर पितृपक्षात तो आपल्या बापाच्या पानाशेजारी आणखी एक पान वाढत असे.