जुनं पान बंद करणारा माणूस

सर्व संबंधितांना कळवण्यात येते की, शेलूबाजारच्या चहाच्या हॉटेलात एक माणूस तीन वर्षांपासून भाजीबाजाराची जुनी वेबसाइट एकेक पान करत नव्या वेबसाइटवर हलवतो आहे, तीही एक दिवस बंद न ठेवता! नाव मी विचारलं नाही. एक पान हललं की तो डोळे चोळतो आणि गार झालेला चहा पितो.

शेवटचं पान लिलावासाठी मालाचा नंबर लावायचं. सगळे नव्यावर नंबर लावू लागले की जुनं बंद करून तो सुटणार होता. काल शेजारच्या बाकावरच्या वांगीवाल्या काकूंनी दोन्हीकडे नंबर लावलेला त्याला दिसला.

“काकू, नव्यावर लागला ना? मंग जुन्यावर काहून लावला?” तो थकून म्हणाला.

काकू फाडकन बोलल्या, “तुलेच नव्याचा भरोसा असता, तं जुनं कायले चालू ठेवलं असतं बाप्पा?”